वाढणे आणि दुभंगणे : पेशीचक्राची नियामक प्रथिने व जळगावची केळी

मराठीतील ‘वाढणे’ हे क्रियापद मोठे विलक्षण आहे. संस्कृत ‘वृध्’ धातूपासून प्राकृत ‘वड्ढ’च्या वाटेने ते आपल्याकडे आले आणि येथे येऊन त्याने नाना अर्थ धारण केले. मूल वाढते, कर्ज वाढते, पंगतीत भात वाढतात. आणि देवापुढे नारळ ‘वाढवितात’, हातातील बांगडी फुटली तर ती ‘वाढली’ असेही म्हणतात. शेवटचे दोन प्रयोग अमंगळ शब्द टाळण्याच्या प्रवृत्तीतून आलेले आहेत हे उघड आहे. फुटणे हा शब्द तोंडी येऊ नये म्हणून त्याच्या नेमक्या विरुद्ध अर्थाचा शब्द योजिला, इतकेच. तथापि जीवशास्त्राच्या बाजूने पाहता या योगायोगात थोडी गंमत आहे. सजीवाची वाढ म्हणून आपण जे पाहतो त्यातील बराच भाग त्याच्या पेशी दुभंगण्याचा असतो. पेशी फुटते आणि देह वाढतो.

गंमत येथे संपते व अडचण सुरू होते. प्रस्तुत लेखक भाषाशास्त्राचा अध्यापक आहे, जीवशास्त्राचा नव्हे. परंतु परिभाषेच्या निमित्ताने जीवशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांशी बोलताना असे वारंवार दिसून येते की, अडचण शब्दाची असते त्यापेक्षा त्या शब्दाने झाकलेल्या क्रियेची अधिक असते. ‘पेशींची वाढ’ म्हटल्याने दोन भिन्न गोष्टींचा बोध होतो : एका पेशीचे आकारमान व वस्तुमान वाढणे ही एक, आणि एका पेशीच्या दोन होणे ही दुसरी. या दोन क्रिया बहुधा जोडीने चालतात, म्हणूनच त्यांची गल्लत होते. पण त्या एक नव्हेत. समुद्रातील काटेरी अर्चिनचे फलित अंडे एकाचे दोन, दोनाचे चार असे भराभर दुभंगत जाते. मूळ अंड्याच्या आकारात मात्र तिळभरही भर पडत नाही. उलट उदाहरण आपल्या शिवारातच आहे. केळीचा घड निसवल्यानंतर पहिल्या काही आठवड्यांत फळातील गराच्या पेशींची संख्या वाढते; पुढे विभाजन थांबते आणि आहे त्याच पेशी पाणी व पिष्ट साठवून फुगत जातात. रावेर-यावलचा शेतकरी ज्याला ‘माल भरणे’ म्हणतो ती ही दुसरी वाढ होय. पहिलीत कसर राहिली तर दुसरीने ती पुरतेपणी भरून येत नाही.

या दोन क्रियांचे नियमन करणारी प्रथिनेही बऱ्याच अंशी वेगळी आहेत. पेशीच्या वस्तुमानाचा हिशेब प्रामुख्याने ‘टॉर’ नावाच्या प्रथिनाभोवती चालतो. अन्नद्रव्ये व ऊर्जा पुरेशी आहेत की नाहीत याच्या खुणा त्याच्यापर्यंत पोहोचतात व त्यानुसार नवी प्रथिने घडविण्याचा वेग ठरतो. ईस्टर बेटाच्या मातीतील एका सूक्ष्मजीवापासून रॅपामायसिन हे द्रव्य मिळाले होते. ते कशावर आघात करते याचा शोध घेताना १९९१ मध्ये यीस्टमध्ये टॉरची जनुके हाती लागली. ‘रॅपामायसिनचे लक्ष्य’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे म्हणजे टॉर. म्हणजे पेशीला पोसणाऱ्या या प्रथिनाला त्याचे नाव मिळाले ते त्याला बंद पाडणाऱ्या औषधावरून. नामकरणाची ही उफराटी रीत या विषयात सर्वत्र आहे. तिच्याकडे पुढे वळू.

विभाजनाची हकीकत १९५३ पासून सांगणे सोयीचे. लंडनमध्ये हॉवर्ड व पेल्क या दोन संशोधकांनी बाकल्याच्या जातीच्या एका शेंगवर्गीय रोपाच्या मुळांना किरणोत्सारी फॉस्फरस दिला आणि डीएनएची नवी प्रत पेशी कोणत्या वेळी तयार करते ते पाहिले. ती प्रत्यक्ष विभाजनाच्या वेळी तयार होत नाही. दोन विभाजनांच्या मधल्या काळात, एका ठरावीक टप्प्यात होते. या टप्प्याला त्यांनी ‘एस’ म्हटले, प्रत्यक्ष विभाजनाला आज ‘एम’ म्हणतात, आणि यांच्या मागेपुढे जो रिकामा वाटणारा वेळ उरला त्याला ‘जी-१’ व ‘जी-२’ ही नावे मिळाली. येथील ‘जी’ म्हणजे फट, खंड. सूक्ष्मदर्शकातून तेव्हा त्या काळात काहीच घडताना दिसत नव्हते म्हणून हे नाव. पुढे ध्यानात आले की पेशीचे सर्व महत्त्वाचे निर्णय याच तथाकथित रिकाम्या वेळात होतात.

येथे ‘पेशी’ या शब्दासंबंधी थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. आपल्या शालेय पुस्तकांत ‘पेशी’ रूढ आहे, मराठी विश्वकोशाने ‘कोशिका’ स्वीकारली आहे. सुश्रुतसंहितेत मानवी देहात पाचशे पेशी सांगितल्या आहेत. त्या अर्थातच मांसपेशी होत. ‘कोशिका’ अधिक निःसंदिग्ध आहे यात शंका नाही. परंतु शब्दाचा निकाल व्युत्पत्ती लावीत नाही, वापर लावतो. खानदेशातील विद्यार्थी पाचव्या-सहाव्या इयत्तेपासून ‘पेशी’ म्हणत आला आहे, म्हणून येथे तोच शब्द ठेविला आहे.

आता प्रथिनांकडे. १९८२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील वुड्स होल येथील सागरी प्रयोगशाळेत टिम हंट हे अर्चिनच्या फलित अंड्यांत कोणती प्रथिने घडतात ते पाहत होते. एक प्रथिन चमत्कारिक वागताना आढळले. त्याचे प्रमाण हळूहळू वाढे, आणि अंडे दुभंगण्याच्या सुमारास ते एकाएकी नाहीसे होई. पुन्हा वाढे, पुन्हा नाहीसे होई. प्रथिने घडतात व कालांतराने झिजतात हे ठाऊक होते. पण वेळापत्रकाबरहुकूम नष्ट केले जाणारे प्रथिन ही कल्पना नवी होती. हंट यांनी त्याला ‘सायक्लिन’ म्हटले.

एकटे सायक्लिन काही करीत नाही. त्याचा जोडीदार म्हणजे कायनेज वर्गाचे एक विकर; याचे काम इतर प्रथिनांवर फॉस्फेटचा एक गट चढविण्याचे. फॉस्फेट चढला की त्या प्रथिनाचा आकार किंचित बदलतो व त्याचे वागणे पालटते. सायक्लिनावाचून हे कायनेज निष्क्रिय असते म्हणून त्याला ‘सायक्लिनावलंबी कायनेज’ किंवा थोडक्यात ‘सीडीके’ म्हणतात. लेलँड हार्टवेल यांनी बेकरीच्या यीस्टमध्ये आणि पॉल नर्स यांनी दुसऱ्या एका यीस्टमध्ये, विभाजन बिघडलेल्या वाणांचा पाठपुरावा करून याच विकराचे जनुक स्वतंत्रपणे गाठले होते. १९८७ मध्ये नर्स यांच्या प्रयोगशाळेत ते जनुक बिघडलेल्या यीस्टमध्ये मानवी जनुके सोडण्यात आली. त्यांतील एकाने ती उणीव भरून काढली आणि यीस्ट पूर्ववत दुभंगू लागले. माणूस व यीस्ट यांचे पूर्वज वेगळे होऊन शंभर कोटी वर्षांहून अधिक काळ लोटला असेल, तरी एकाचा शब्द दुसऱ्याच्या वाक्यात जसाच्या तसा बसला. शब्दांच्या वंशावळी लावणाऱ्या कोणत्याही अभ्यासकाला, मग तो धुळ्यात राजवाड्यांच्या परंपरेत वाढलेला का असेना, इतक्या लांबच्या सोयरिकीचे स्वप्नदेखील पडणार नाही. हार्टवेल, हंट व नर्स यांना २००१ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या यंत्रणेचे मर्म असे आहे. सीडीकेचे प्रमाण पेशीत फारसे बदलत नाही. बदलते ते सायक्लिनचे. एस टप्प्यात जाण्यास एक सायक्लिन, प्रत्यक्ष विभाजनास दुसरे. आणि प्रत्येकाचे काम झाले की युबिक्विटिन नावाच्या लहानशा प्रथिनाची खूण त्याच्यावर चढवून त्याचा नाश केला जातो. हा नाश आनुषंगिक नाही. विभाजनाच्या वेळचे सायक्लिन नष्ट झाले नाही तर पेशी विभाजनातून बाहेरच पडू शकत नाही. म्हणजे येथे प्रथिनाचे असणे जितके अर्थपूर्ण आहे तितकेच त्याचे नसणेही. व्याकरणात ज्याला आपण शून्यप्रत्यय म्हणतो त्याची आठवण भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास व्हावी.

आता नामकरणाची उफराटी रीत. १९७० नंतरच्या दशकात नर्स एडिंबरोत असताना त्यांना यीस्टचा एक असा वाण सापडला की ज्याच्या पेशी पुरत्या वाढण्यापूर्वीच दुभंगत व त्यामुळे फार लहान राहत. स्कॉटलंडच्या बोलीत चिमुकल्याला ‘वी’ म्हणतात, म्हणून जनुकाचे नाव ‘वी-१’ झाले. वस्तुतः हे जनुक जे प्रथिन घडविते त्याचे काम पेशीला पुरेशी मोठी होईपर्यंत अडवून धरण्याचे आहे. ते बिघडले म्हणजे पेशी चिमुकली राहते. नाव बिघाडाचे, काम नेमके उलट. हाच प्रकार ‘आरबी’ या सुप्रसिद्ध प्रथिनाचा. लहान मुलांच्या डोळ्यांतील दृष्टिपटलाला होणाऱ्या एका अर्बुदावरून त्याला नाव मिळाले. पण हे प्रथिन अर्बुद निर्माण करीत नाही, ते असताना अर्बुद होत नाही. त्याच्या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी झाल्या तरच रोग उद्भवतो, हे अनुमान आल्फ्रेड नडसन यांनी रुग्णांच्या नोंदींवरून १९७१ मध्येच केले होते. जनुक प्रत्यक्ष हाती आले १९८६ मध्ये. ‘पी-५३’ची कथा त्याहून अवघड. त्यातील ५३ हा आकडा त्याच्या वजनाचा म्हणून दिला गेला, पण खरे वजन ४४ हजार डाल्टनच्या आसपास आहे. जेलमध्ये ते प्रथिन हळू सरकते एवढ्यामुळे ते जड वाटले. शिवाय १९७९ मध्ये सापडल्यापासून दहा वर्षे ते कर्करोगास कारण होणारे मानले जाई. १९८९ च्या सुमारास उलगडले की ते कर्करोगास आवर घालणारे आहे. विद्यार्थ्याने नावावरून कार्य ताडू लागावे तर हा विषय त्याला पदोपदी ठकवील.

आरबीचे कार्य मात्र नीट समजून घेतले पाहिजे, कारण त्याच्याच द्वारे आपण जळगावला येणार आहोत. डीएनएची प्रत काढण्यास लागणारी जनुके जागी करणारे ‘ई-टू-एफ’ नावाचे प्रथिन आहे. जी-१ मध्ये आरबी त्याला धरून ठेवते. तोवर ती जनुके निद्रिस्त राहतात. बाहेरून वाढीचा संदेश आला की पेशी ‘डी’ वर्गातील सायक्लिन घडविते; ते आपल्या सीडीकेशी जोडले जाऊन आरबीवर फॉस्फेट चढविते; आरबीची पकड सुटते; ई-टू-एफ मोकळे होते आणि पेशी एस टप्प्यात शिरते. येथवर आली की बाहेरचा संदेश काढून घेतला तरी ती सहसा परत फिरत नाही. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की या साखळीत पेशीला कोणी ‘वाढ’ अशी आज्ञा करीत नाही. आज्ञा आहे ती धरून ठेवणाऱ्याला, सोडण्याची.

वनस्पतींतही आरबीचा भाऊबंद आहे, डी वर्गाची सायक्लिनेही आहेत. बाहेरच्या संदेशाची भूमिका तेथे संप्रेरके वठवितात. अमेरिकेत विस्कॉन्सिन येथे फोल्के स्कूग व कार्लोस मिलर यांनी तंबाखूच्या खोडातील ऊतीवर प्रयोग करताना १९५५ मध्ये पेशींना दुभंगावयास लावणारे कायनेटिन हे द्रव्य वेगळे केले. दोन वर्षांनी त्यांनी दाखवून दिले की ऑक्सिन व कायनेटिन यांच्या परस्पर प्रमाणावर ऊतीचे भवितव्य ठरते. ऑक्सिन अधिक तर मुळे, कायनेटिन अधिक तर कोंब. या वर्गातील द्रव्यांना आज सायटोकायनिने म्हणतात. ती नेमकी कोठे काम करतात याचा एक धागा १९९९ मध्ये मिळाला. अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातील लहानशा वनस्पतीत सायटोकायनिन दिले की डी वर्गातील एक सायक्लिन वाढते, आणि ते सायक्लिन कृत्रिमरीत्या भरपूर केले तर सायटोकायनिनवाचूनही ऊती वाढू शकते. म्हणजे संप्रेरकाचा संदेश सायक्लिनच्या मार्फत पोहोचतो.

जळगाव जिल्ह्यात हे ज्ञान रोजच्या व्यवहारात वापरले जाते. १९९० नंतरच्या दशकात जैन इरिगेशनने जळगावात ऊतिसंवर्धित केळीच्या रोपांचे उत्पादन आरंभिले आणि जुन्या बसराई-श्रीमंतीच्या बागांत ‘ग्रांद नॅन’ या वाणाने हळूहळू जम बसविला. धुळे जिल्ह्यात शिरपूरकडेही हीच रोपे दिसतात. वाणाचे मूळ नाव फ्रेंच, अर्थ ‘मोठी बुटकी’. इंग्रजी लिपीतून ते आपल्याकडे आले, ‘नॅन’चे ‘नाइन’ झाले, आणि शेतकऱ्याने त्याचे सरळ ‘जी-नाइन’ केले. लोकव्युत्पत्तीचे इतके निर्मळ उदाहरण पाठ्यपुस्तकांतही विरळा. आता ‘जी-९’ असे आकड्यात छापतात, आणि उरलेले आठ कोणते असा प्रश्न कोणास पडत नाही.

केळीच्या बाबतीत पेशीविभाजनाला जे महत्त्व आहे ते ज्वारी-कपाशीला नाही. खाण्याच्या केळीत गुणसूत्रांचे तीन संच असतात, एकूण ३३. तीनाची समसमान विभागणी होत नाही म्हणून अर्धगुणसूत्री विभाजन विस्कटते आणि बी धरत नाही. पिढ्यान्पिढ्या जे चालत आले ते केवळ साध्या, सूत्री विभाजनाने : कंदाला पील फुटते, पिलाचे झाड होते, त्याला पुन्हा पील. कंदाच्या टोकाशी असलेल्या विभाजी ऊतीतील पेशींचे चक्र हीच केळीची वंशपरंपरा होय. शेतकऱ्याला हे परंपरेने उमगलेले आहे. मुख्य झाडाच्या शेंड्यातून उतरणारे ऑक्सिन बाजूचे कोंब दबवून ठेवते. तरीही जी पिले उठतात ती तो घड येईपर्यंत कापीत राहतो, आणि मग पिलबागेसाठी एखादेच राखतो. प्रयोगशाळेत याच्या उलट करतात. पिलाचा कंद सोलत सोलत गाभ्याचा बोटाएवढा तुकडा घेतात, निर्जंतुक करतात, शेंड्याचे प्रभुत्व मोडावे म्हणून तो चिरतात, आणि सायटोकायनिन असलेल्या माध्यमावर ठेवतात. जे दबलेले होते ते सारे सुटते. एका कोंबाचे प्रत्येक फेरीत तीन झाले असे धरले तर आठ फेऱ्यांत ६५६१ होतील.

मग फेऱ्या आठावरच का थांबवावयाच्या, सोळा का नकोत? येथे प्रश्न केवळ तंत्राचा राहत नाही. चक्र जितके वेगाने व जितक्या वेळा फिरवावे तितक्या प्रत काढण्यातील चुका, गुणसूत्रांतील फेरफार आणि जनुकांवरील रासायनिक खुणांतील बदल साठत जातात. डीएनएला इजा झाली असता विभाजन रोखणारी प्रथिने केळीच्या पेशीतही असली पाहिजेत. वनस्पतींत पी-५३ नाही, पण त्याचे काम करणारे दुसरे प्रथिन आहे. परंतु जी चूक इजा म्हणून ओळखली जात नाही ती पुढे जाते. परिणामी काही रोपे वाणाबाहेरची निघतात. कॅव्हेंडिश गटातील केळीत अशांपैकी नेहमी आढळणारे म्हणजे खुजे झाड : पाने आखूड व जवळजवळ, घड अडकलेला. बाटलीत किंवा पिशवीत ते सहसा ओळखू येत नाही. शेतकऱ्याने पैसे मोजून रोप आणले, ठिबक टाकले, खते दिली, आणि काही महिन्यांनी बागेत ते दिसू लागले तर तोवरचा खर्च व हंगाम दोन्ही हातचे गेलेले असतात. म्हणून फेऱ्यांची संख्या मर्यादित ठेवतात, आणि केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ मध्ये ऊतिसंवर्धित रोपांच्या प्रमाणनाची जी पद्धती घालून दिली तीत विषाणूंबरोबर जनुकीय एकसारखेपणाचीही तपासणी ठेविली.

बागेतला प्रत्येक दोष ‘टिश्यू’च्या माथी मारण्याची जी प्रवृत्ती आहे तीही बरोबर नाही. हरण्या हा विषाणुजन्य रोग माव्यामार्फत शेजारच्या काकडीवर्गीय पिकांतूनही येतो. पेशीचक्राशी त्याचा संबंध नाही. दोषाचे निदान चुकले तर भरपाईचा वादही चुकीच्या दाराशी जातो.

खुजे केळीचे झाड शेजारच्या झाडात पसरत नाही. वनस्पतीची पेशी भिंतीत चिणलेली असते, ती स्थलांतर करू शकत नाही. चक्र बिघडले तरी फार तर गाठ येते. प्राण्यांत, अर्थातच माणसांत, पेशी सुटी होते व रक्तावाटे दूर जाते. म्हणून त्याच प्रथिनांच्या बिघाडाला येथे निराळे वजन येते. ज्या तंबाखूच्या ऊतीवर स्कूग यांनी प्रयोग केले तीच तंबाखू गाल व हिरडी यांच्या मधल्या खोबणीत ठेवण्याची सवय महाराष्ट्रात किती पसरली आहे हे सांगावयास नको. महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, पण चुना लावून मळलेली तंबाखू त्या बंदीत येत नाही. या खोबणीत होणाऱ्या कर्करोगाच्या जनुकांचे विस्तृत वाचन भारतीय संशोधकांनी केले. त्यात टाटा स्मारक केंद्राची खारघर येथील संशोधन संस्था व कल्याणी येथील राष्ट्रीय जनुकवैद्यक संस्था होत्या, आणि निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. वारंवार बिघडलेल्या जनुकांत पी-५३ चे जनुक होते, तसेच ‘पी-१६’ हे प्रथिन घडविणारेही होते. पी-१६ चे काम डी सायक्लिनच्या जोडीदार सीडीकेला निष्क्रिय ठेवण्याचे. ते गेले की आरबीवर फॉस्फेट चढतच राहतो व पकड ढिली पडते. पी-५३ गेले की डीएनएला इजा झालेली पेशीही थांबत नाही. स्तनाच्या काही कर्करोगांत २०१५ पासून वापरात आलेले पाल्बोसिक्लिब हे औषध नेमके पी-१६ चे काम बाहेरून करते.

राहिला परिभाषेचा प्रश्न. हार्टवेल व वाइनर्ट यांनी १९८९ मध्ये पेशीचक्रातील ‘चेकपॉइंट’ची कल्पना मांडली, मराठीत तिला ‘तपासणी नाका’ म्हणण्याचा मोह होतो. पण नाक्यावर गाडी थांबवून तपासणारा कोणी अंमलदार असतो, पेशीत तसा कोणी नाही. डीएनएची प्रत अपुरी आहे ही स्थितीच असे संदेश निर्माण करते की वी-१ सारखी प्रथिने सीडीकेला अडवून धरतात. प्रत पुरी झाली की संदेश विरतो. मराठीतील ‘जोवर-तोवर’ ही वाक्यरचना हे जितक्या नेमकेपणाने सांगते तितके कोणतेही नाम सांगत नाही : जोवर प्रत पुरी नाही, तोवर विभाजन नाही. त्याचप्रमाणे या प्रथिनांना ‘नियंत्रक’ म्हणण्यापेक्षा ‘नियामक’ म्हणणे मला अधिक ग्राह्य वाटते. नियंत्रक म्हटले की हुकूम सोडणारा डोळ्यापुढे येतो, आणि येथे तर निम्म्याहून अधिक काम धरण्या-सोडण्याचे आहे. सायक्लिन, आरबी, पी-५३ यांची भाषांतरे करू नयेत. ती विशेषनामे होत. परंतु प्रश्नपत्रिकेत ‘पेशींची वाढ कशी नियंत्रित होते?’ असा प्रश्न घालताना परीक्षकाने आपल्याला टॉर अभिप्रेत आहे की सायक्लिन, वस्तुमान की संख्या, हे शब्दांत स्पष्ट करणे अगत्याचे आहे. एरवी पहिल्याविषयी लिहिणारा व दुसऱ्याविषयी लिहिणारा, दोघेही विद्यार्थी बरोबरच असतील आणि गुण मात्र एकालाच मिळतील.